कोंबडीच्या खोक्यावरचं पोर्तुगीज

एकदा एक गृहस्थ आपला पोपट घेऊन माझ्याकडे उपचाराला आले. शारजातल्या आमच्या पॉलिक्लिनिकमध्ये माझ्या दारावर 'स्पीच थेरपिस्ट' अशी पाटी होती. तिचं अरबी भाषांतर करणाऱ्यानं 'बोलायला लावणारी बाई' अशा थाटाचं काहीतरी लिहून ठेवलं होतं. गृहस्थ तिथलेच, अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, मागे नोकर आणि नोकराच्या हातात सोनेरी पिंजरा. पोपट पूर्वी घरभर बडबडायचा, नवी मोलकरीण आल्यापासून गप्प झालाय, अशी तक्रार होती. मी म्हटलं, "सर, मी माणसांची थेरपिस्ट आहे." ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात माणसांपेक्षा हाच बरं बोलायचा."

आता एवढं ऐकल्यावर कोण नाही म्हणणार? पोपट माझ्याकडे तिरका बघत राहिला, मी त्याच्याकडे. तेवढ्यात बाहेर आमची रिसेप्शनिस्ट मिनी फोनवर "हॅलो, गुड मॉर्निंग" म्हणाली आणि पोपटानं तिच्याच मल्याळी सुरात "गुड मॉर्निंग" ठोकून दिलं. गृहस्थ आनंदानं जवळजवळ नाचलेच. मी काहीही केलं नव्हतं, पण माझी कीर्ती पसरायची ती पसरली. मिनी पुढे वर्षभर त्यातला वाटा मागत होती.

मी मूळची साताऱ्याची. शिक्षण मुंबईत झालं आणि नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ शारजाला गेले. माझा धंदा काय हे नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. "तोतऱ्या मुलांना शिकवते" एवढंच सासूबाई सांगायच्या. तोतरेपणा त्यातला एक कोपरा झाला. डोक्याला मार लागून, नाहीतर मेंदूतली रक्तवाहिनी तुंबून माणसाचं बोलणं, वाचणं, शब्द आठवणं बिघडतं, ते जमेल तितकं परत आणायचं हे आमचं काम. जीभ बिचारी सांगकामी असते, मालक वर डोक्यात बसलेला असतो. त्या मालकाची मनधरणी करण्यात माझं आयुष्य गेलं.

या कामात एक नियम मी देवाच्या आज्ञेसारखा पाळला. रोग्याचा अडलेला शब्द आपण पुरा करायचा नाही. त्याला खूण द्या, वाट बघा, हवं तर मनातल्या मनात केस उपटा, पण शब्द त्याचा त्यानंच काढला पाहिजे. बाळंतपण शेजारणीला करता येत नाही, तसंच हे. नातेवाइकांना हे अजिबात पटत नाही. सगळ्यांत कमी कोणाला पटलं असेल, तर क्लारा आंटना.

क्लारा आंट आणि त्यांचे यजमान मिंगेल अंकल, गोव्याचं जोडपं, राहायला डोंगरापलीकडच्या खोर फक्कानला. अंकल तिथल्या बंदरात एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचे. म्हणजे जन्मभर वाचायचंच काम. एके दिवशी सकाळी चहा पिताना त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं बरंचसं वाचलं आणि गेलं ते नेमकं वाचन. आमचे न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टर हानी, इजिप्तचे, धिप्पाड आणि घाईचे. त्यांनी अंकलना माझ्या खोलीत आणून सोडलं आणि म्हणाले, "मॅडम, व्हेरी इंटरेस्टिंग केस. यल्ला, एन्जॉय!" यल्ला म्हणजे 'चला', तिकडचा उठताबसताचा शब्द.

पहिल्याच भेटीत मी अंकलना म्हटलं, काहीतरी लिहा. त्यांनी सुंदर तिरक्या वळणात इंग्रजीत लिहिलं, 'आज गुरुवार. गाडी बायकोनं चालवली. तरीही आम्ही जिवंत आहोत, देवाची कृपा.' मी हसले, कागद घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि थोड्या वेळानं तोच कागद त्यांच्यापुढे धरून म्हटलं, वाचा बघू. अंकलनी कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला.

"हँडरायटिंग बरें आसा," ते कौतुकानं म्हणाले. "कोणाचं गो बाय?"

"तुझंच रे!" क्लारा आंट ओरडल्या.

"म्हजें?" अंकल चाट पडले. "मग वाचूंक कित्याक येना?"

वाचणाऱ्यांना ही थाप वाटेल, पण असं होतं. मेंदूत लिहिण्याची वाट वेगळी आणि वाचण्याची वेगळी. एक बंद पडली तरी दुसरीवरून वाहतूक चालू राहते. अंकल लिहू शकत होते, पण आपलंच लिहिलेलं त्यांना परकं दिसत होतं. भरीला त्यांना उजवीकडचं दिसत नव्हतं. शब्दाची सुरुवात दिसायची, शेपूट अंधारात जायचं. आणखी एक म्हणजे नावं सुटायची. गप्पा झकास मारतील, पण बोलता बोलता माणसाचं नाव आलं की गाडी थांबली. बायकोचं नावही त्याच गाळात गेलं होतं. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून 'क्लारा' हा शब्द निघाला नव्हता. घरात आंट उजव्या अंगाला बसल्या तर त्यांना दिसायच्या नाहीत, नुसत्या ऐकू यायच्या. "लॉस कांय ना," असं अंकल डोळा मारून सांगायचे. गाडीत मात्र चालवणारी डावीकडे बसते, तिथं त्या पूर्ण दिसायच्या. म्हणून त्यांनी बायकोचं नाव ठेवलं 'ड्रायव्हर'.

"अरबी वाचता यायचं का?" मी विचारलं.

"ना. तें पयलीं येनासलें, आतांय येना. म्हणजे अरबी सेफ आहे," अंकल म्हणाले.

तर अशा माणसाला पुन्हा वाचतं करायचं होतं, आणि त्यालाही मुदत होती. पुढच्या फेब्रुवारीत शेरॉनचं लग्न होतं. शेरॉन म्हणजे अंकलची धर्मकन्या, त्यांच्या जुन्या रूममेटची मुलगी. बाप्तिस्म्याला अंकलनी तिला हातावर घेतलं होतं. पुढे तिचे वडील गेले, त्याआधी अंकलनी त्यांना शब्द दिला होता की पोरीच्या लग्नात टोस्ट मीच रेज करणार. गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात केक कापल्यावर एक मानाचा माणूस नवराबायकोसाठी छोटंसं भाषण करतो. सगळी मंडळी पेला उंचावून उभी राहतात. त्यानं 'विवा', म्हणजे 'चिरायू होवोत', असं म्हटल्याशिवाय कोणी घोट घ्यायचा नाही आणि मध्ये कोणी बोलायचं नाही. अमिरातीतल्या गोवेकरांच्या कितीतरी लग्नांत हा मान अंकलचाच होता. त्यांचं शिक्षण जुन्या गोव्यातल्या पोर्तुगीज शाळेत झालं होतं, त्यामुळे भाषण अस्सल पोर्तुगीजमध्ये आणि दर वेळी तेच. फक्त नवरानवरीची नावं बदलायची. बहुतेकांना त्यातलं अक्षर कळत नसे, पण त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नसे.

"पाठ म्हणा की," मी सुचवलं.

"करून पळयलां. चार लायनी जातात, मग धागो सुटता. कागद हातात असला की धागो हातात."

शेरॉन दुबईत एका मोठ्या कंपनीत साहेबाची सेक्रेटरी होती. ती मला फोनवर म्हणाली, "आंटी, इफ अंकल डझंट डू द टोस्ट, आय ॲम नॉट कटिंग द केक. खलास." तिच्या होणाऱ्या सासूबाई मात्र व्यवहारी निघाल्या. त्यांनी दुबईचा एक घोगऱ्या आवाजाचा निवेदक टोस्टसाठी राखीव ठेवला. अंकलना ते कळलं आणि त्या दिवशी ते माझ्याशी हसले नाहीत. "बाय, म्हाका तो मायक्रोफोनवालो नाका," एवढंच म्हणाले.

सुरुवात मी इंग्रजीनं केली. डॉक्टर हानींचं मत होतं की नोकरीची भाषा आधी परत आणा. आम्हाला शिकवलेली पद्धतही इंग्रजीचीच. एकेक लेटर ओळखायचं, आवाज जोडायचे, शब्द बनवायचा. अंकल 'कंटेनर' शब्दावर बसायचे ते सी, ओ, एन करत शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचे. ज्या माणसाच्या सहीनं रोज ढिगानं कंटेनर सुटत होते, तो त्या शब्दासमोर घाम पुसत बसायचा. भरीला क्लारा आंट. अंकलनी तोंड उघडायचा अवकाश, की त्या "कंटेनर! कंटेनर रे!" म्हणून मोकळ्या. मी डोळे वटारले, हात जोडले, शेवटी त्यांची रवानगी बाहेर मिनीजवळच्या खुर्चीवर केली. डोंगरातल्या मसाफीच्या वळणांवरून दर गुरुवारी नवऱ्याला घेऊन येणारी बाई, आणि तिला मी दाराबाहेर काढलं. त्या मिनीला म्हणाल्या, "तेरी मॅडम मिलिट्रीमें थी क्या?"

मग एका गुरुवारी कोंबडीनं कमाल केली. आंटनी जेवणाचे डबे एका पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणले होते. ब्राझीलहून गोठवलेली कोंबडी येते, त्याचं खोकं. अमिरातीत कुठल्याही ग्रोसरीच्या मागे या खोक्यांचा डोंगर असतो. मी चहा सांगायला वळले आणि मागून अंकलचा आवाज आला, "फ्रां-गु."

मी गर्रकन वळले. अंकल खोक्याकडे बघत होते आणि त्यांचं बोट टेबलावर दोनदा आपटलं होतं. खोक्यावर पोर्तुगीजमध्ये कोंबडी असं लिहिलेलं होतं. पुढचा शब्द. बोट पुन्हा टेबलावर, चार ठोके, तिसरा जोरात. "कों-झे-ला-दु." गोठवलेली!

"अंकल, तुम्ही वाचलंत!"

"हांवें?" ते घाबरूनच गेले.

शाळेत मास्तर कसं शिकवायचे, असं मी त्यांना विचारलं. अंकलनी डोळे मिटले आणि सुरात सुरू केलं, "बा, बे, बी, बो, बू." मास्तर पट्टीनं टेबलावर ठोका द्यायचे, एका ठोक्याला एक तुकडा, आणि शब्दात ज्या तुकड्यावर जोर, तिथं पट्टी जोरात. मला हसावं की रडावं कळेना. ही तर आमची बाराखडी! मराठी पोर 'क' आणि 'आ' असं सुटं सुटं वाचत नाही, 'का' असा अख्खा घास घेतं. आपण ज्याला अक्षर म्हणतो, तोच तो तुकडा. अंकलच्या डोक्यात वाचनाचा सगळ्यात जुना रस्ता अशा अक्षरांचा होता, आणि मी इतके दिवस त्यांना इंग्रजीच्या खडीवर चालवत होते.

मग माझ्या अंगात वारं शिरलं. पोर्तुगीज मजकूर आणायचा कुठून? पुस्तकं मिळेनात, पण खोकी होती! आमच्या शुद्ध शाकाहारी घरात मी पिशव्या भरभरून कोंबडीची खोकी आणायला लागले. आमच्या बिल्डिंगखालचा ग्रोसरीवाला कोयाभाई आधी मला फक्त दही आणि कोथिंबीर विकायचा. "मॅडम, चिकन नहीं चाहिए, खाली बॉक्स चाहिए?" त्यानं तीनतीनदा विचारलं. नवऱ्याचे मित्र घरी आले की खोक्यांकडे बघून सूचक खोकायचे. माझी आठ वर्षांची मुक्ता मैत्रिणींना घरी आणेना. "आई, इट्स सो एम्बॅरसिंग," ती म्हणायची. सार्डीनचे डबे, साबणाचं वेष्टन, फुटबॉलच्या बुटांचं खोकं, पोर्तुगीज दिसलं की मी झडप घालायची.

या खोक्यांनी मला वाचनाबद्दल जे शिकवलं, ते सांगायलाच हवं. आपल्याला वाटतं, ओळखीचा शब्द चटकन वाचता येतो. अंकलचं नेहमी तसं होत नव्हतं. 'का'नं सुरू होणाऱ्या साध्या शब्दांवर ते अडायचे आणि एखादा चमत्कारिक सुरुवातीचा शब्द झटक्यात वाचायचे. विचार केला तेव्हा उलगडलं. पहिलं अक्षर दिसलं, की डोक्यात त्या अक्षराचे सगळे शब्द धावत पुढे येतात. मराठीत 'का' म्हटलं की कागद, काका, काकडी, कात्री सगळे 'मी, मी' करतात. तुमच्याआमच्या डोक्यात मागचं अक्षर लगेच येऊन बाकीच्यांना घरी पाठवतं. अंकलना मागचं दिसतच नव्हतं, म्हणून दारातच चेंगराचेंगरी. 'का' दिसलं की ते घर, पलंग, सदरा असं काहीही म्हणायचे, आणि भूक लागली असेल तर हमखास कोळंबी. पोर्तुगीजमध्ये हे सगळे शब्द 'का'चेच.

त्यावर उपाय ठोक्यांचा. शब्द किती अक्षरांचा आणि जोर कुठल्या अक्षरावर, हे हाताला आधी कळलं की गर्दी निम्म्यानं पांगते. मी शब्दाच्या अक्षरांमध्ये उभ्या रेघा मारायची, जोराचं अक्षर ठळक करायची आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला लाल पट्टी ओढायची. लाल दिसेपर्यंत नजर न्यायची, हा अंकलचा कायदा. मग आम्ही दोघं टेबल बडवायचो. कोंबडीच्या काळजांचं एक खोकं होतं, त्यावर 'कोरासांव' म्हणजे हृदय हा शब्द होता. टक, टक, ठण्! तो अंकलचा लाडका शब्द झाला. शेजारचा दातांचा डॉक्टर भिंतीवर थापा मारायचा. डॉक्टर हानी दार उघडून म्हणायचे, "हे क्लिनिक आहे की लग्नाचा हॉल?" भिंतीपलीकडे मिनीला आणि क्लारा आंटना शब्द ऐकू जात नसत, फक्त ठोके ऐकू जात. मिनी सांगायची, आंटची बोटं खुर्चीच्या हातावर तशीच वाजायची.

थंडी पडली तेव्हा अंकलनी टोस्ट लिहायला घेतलं. प्रत्येक गुरुवारी दोनतीन ओळी. लिहिताना हातच पुढचं आठवून द्यायचा. मी त्यावर रेघा मारल्या, लाल पट्टी ओढली. जानेवारी संपता संपता अंकल ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लागले. सावकाश, बोट वाजवत, पण स्वतः. शेवटच्या दिवशी मी आणि अंकल माझ्या खोलीत अक्षरशः नाचलो. दातांच्या डॉक्टरनं पोलिसांना बोलावलं नाही हे त्याचे उपकार.

लग्न शारजातच एका कम्युनिटी हॉलमध्ये होतं. शारजात दारूबंदी, म्हणून पेल्यांतून द्राक्षाचा रस फेसाळत होता आणि तरीही मंडळी छान तरंगत होती. आम्ही तिघं गेलो होतो. मुक्ता केककडे डोळे लावून बसली होती. केक कापला गेला. नवराबायको उभी राहिली, सगळा हॉल पेले उंचावून उभा राहिला. अंकल काळ्या सुटात माइकपाशी गेले. त्यांच्या उजव्या हाताला पहिल्या टेबलाशी क्लारा आंट होत्या, त्यांच्या शेजारी आम्ही. शेरॉननं पुढे होऊन अंकलच्या हातात चंदेरी रिबिनीची एक देखणी फाइल दिली.

"अंकल, आय मेड इट नाइस फॉर यू!" ती म्हणाली.

मी मान उंच करून फाइलमध्ये डोकावले. ऑफिसमधली हुशार मुलगी, साहेबाची भाषणं सुबक छापून देण्यात हयात गेलेली! तिनं आंटकडून आदल्या दिवशी तो कागद मागून घेतला होता, 'घाणेरड्या' रेघा काढल्या होत्या, लाल पट्टी उडवली होती आणि सगळं वळणदार अक्षरात जाड कागदावर छापून आणलं होतं. इतक्या मायेनं केलेलं काम, आणि तिला कुठं ठाऊक होतं की रेघाच अंकलचे डोळे आहेत.

अंकलनी फाइल उघडली. मग चष्मा पुसला. तो चष्मा पुसणं मी चांगलं ओळखत होते.

"मिन्याश सेन्योराश इ मेउश सेन्योरिश," त्यांनी सुरू केलं. बायांनो आणि सज्जनहो. ते सवयीनं निघालं. पुढची ओळ अर्धी निघाली. मग, "फे..."

थांबले.

शब्द मला माहीत होता. फेलिसिदाद, म्हणजे सुख. अंकलना 'फे' दिसत होतं आणि पुढे अंधार. 'फे'चे सगळे शब्द दारात दाटले असणार. "फे... फे..." हॉलमध्ये कोणी हललं नाही. रसाचे पेले तसेच वर होते. अंकलची नजर मला शोधायला लागली. मला शब्द ओरडून सांगावासा वाटला आणि माझाच नियम आडवा आला. शब्द सांगितला असता तर अंकल पुढच्या ओळीवर पुन्हा अडले असते, मग पुन्हा सांगायचं, आणि टोस्ट त्यांचं राहिलं नसतं. न सांगितला तर? कोपऱ्यातून तो घोगऱ्या आवाजाचा निवेदक कोट सारखा करत निघाला होता.

तेवढ्यात क्लारा आंटनी पेला खाली ठेवला. झालं, मी मनात म्हटलं, आता ही बाई बोलणार. मी त्यांचा पदर धरला असता, पण त्या फ्रॉकमध्ये होत्या.

आंटनी टेबलावरचा चमचा उचलला आणि पेल्यावर मारला. टक, टक, टक, ठण्, टक.

त्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. शब्दही ठाऊक नव्हता. भिंतीपलीकडे बसून ऐकलेले ठोके ठाऊक होते आणि भाषण इथवर आलं की पुढे कुठले ठोके येतात एवढंच त्यांच्या बोटांत होतं. टक, टक, टक, ठण्, टक.

"फे-लि-सि-दा-द!" अंकल गरजले.

पुढच्या ओळीला मागच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्यानं ठोका दिला. त्यानं हे भाषण लग्नालग्नात ऐकलं होतं. मग त्याच्या शेजारच्यानं. आणि मग सगळ्या हॉललाच उमगलं की शब्द कोणालाच येत नसले तरी चाल सगळ्यांना पाठ आहे. चमचे निघाले, अंगठ्या निघाल्या, ज्यांच्याजवळ काहीच नव्हतं ते बुटाच्या टाचा वाजवायला लागले. माझा गंभीर, अकाउंटंट नवरा टेबल बडवत होता. मुक्ता खुर्चीवर उभी राहून दोन्ही हातांनी ताल देत होती आणि "आई, जोरात! जोरात!" असं चक्क मराठीत ओरडत होती. निवेदक बिचारा अर्ध्या वाटेत थांबून टाळ्या वाजवायला लागला. अंकल त्या तालावर ओळीमागून ओळ काढत गेले. 'काझामेंतु'वर, म्हणजे लग्नावर, कोळंबी आली नाही. 'कोरासांव' तर त्यांनी असं म्हटलं, की कोंबडीच्या त्या खोक्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

"विवा उश नोइवुश!" नवरानवरी चिरायू होवोत.

"विवा!" हॉल फुटायचा राहिला. मी रडत होते, हसत होते, दोन्ही एकदम, आणि रस माझ्या साडीवर सांडत होता. शेरॉन फेट्यासारखी गुंडाळलेली आपली डोक्यावरची जाळी सावरत अंकलच्या गळ्यात पडली.

लोक घोट घेणार, तर अंकलनी हात वर केला. टोस्ट संपलं नव्हतं. त्यांनी फाइल मिटली आणि मान उजवीकडे वळवली. मान पुरेना, तेव्हा सगळं अंग वळवलं, क्लारा आंट पूर्ण दिसेपर्यंत. तोंड उघडलं. काही आलं नाही. आंटचे ओठ हलले आणि त्यांनी स्वतःच ते हातानं दाबून धरले. अंकलनी अंगठीचं बोट पेल्यावर आपटलं. ठण्, टक. पुन्हा. ठण्, टक.

"विवा... क्ला-रा."

हॉलमध्ये ज्यांना या नावाची गोष्ट माहीत होती ते ओरडले, ज्यांना नव्हती तेही ओरडले. क्लारा आंट मटकन खुर्चीवर बसल्या आणि नाक पुसत म्हणाल्या, "इतको उशीर? रस गरम झालो मरे!"

अंकल पुढे कामावर गेले नाहीत. वर्तमानपत्र मात्र रोज बोट वाजवत वाचायचे, आधी गोव्याच्या मृत्यूच्या बातम्या आणि मग कोंबडीचे भाव. मी क्लिनिक सोडलं, पुण्याला आले, आता गुडघे धरून बसते. एक हळहळ आहे. इतक्या जणांना वाचतं केलं, पण माझी मुक्ता अजून मराठी पाटीसमोर इंग्रजी लेटरं जुळवल्यासारखी अडखळते. तिला बाराखडी बडवून शिकवायला मला सवड झाली नाही. आता नातवावर डोळा आहे. टेबल मजबूत घेतलंय.

पण माझ्या कामाचं काय राहिलं असं कोणी विचारलं, तर मला त्या लग्नानंतरचं पार्किंग आठवतं. क्लारा आंट गाडीत चाकामागे बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला अंकल, मांडीवर केकचा तुकडा. मी खिडकीत वाकून म्हटलं, "अंकल, एकदा परत म्हणा ना. काय नाव यांचं?"

अंकलनी बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी वाट बघितली. आंटही गप्प राहिल्या, हू की चू नाही. शेवटी अंकल मिश्किल हसले आणि डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाले, "यल्ला, ड्रायव्हर!"

आंटनी गाडी सुरू केली. निघताना त्यांनी हॉर्न वाजवला, दोनदा. पहिला जोरात, दुसरा हळू.